पॅकिंग विभागातला जुना डेस्कटॉप: हलक्या विंडो मॅनेजरच्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टेरी टॉवेल बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कारखान्यात तीन संगणक. एक शेठजींच्या केबिनमध्ये, दुसरा अकाउंटंटकडे. त्यावर टॅली आणि डिजिटल सिग्नेचर असल्यामुळे तो विंडोजवरच राहणार हे सुरुवातीपासून ठरलेलं. तिसरा पॅकिंग विभागात, आणि हे लिखाण त्या तिसऱ्यासाठी हलका विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, कसा निवडला याबद्दल आहे.

तो संगणक वापरतात अक्का. पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, पण चलन मराठीत लिहिणाऱ्या. माल बांधून तयार झाला की नग मोजायचे, डिलिव्हरी चलन काढायचं, गाठींवर चिकटवायची लेबलं छापायची, ट्रान्सपोर्टची बिल्टी आली की तिचा फोटो पार्टीला व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि माल राज्याबाहेर जात असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, तयार करायचं, हे त्यांचं रोजचं काम. ट्रक दारात उभा असताना चलन निघत नसेल तर चालक, हमाल आणि शेठजी तिघंही अक्कांकडेच बघतात.

यंत्र असं होतं: कोअर टू ड्युओ ई-७५०० प्रोसेसर, जी-४१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क आणि १२८० बाय १०२४ रेझोल्यूशनचा सतरा इंची चौकोनी मॉनिटर. त्यावर विंडोज ७. मी या भागातल्या काही कारखान्यांचे संगणक सांभाळतो, तसा इथेही २०२४ च्या पावसाळ्यात गेलो होतो.

अडचण

तक्रार एका वाक्यातली होती: "दादा, ह्यो लई सावकाश झालाय." त्यामागे तीन वेगळी कारणं होती आणि ती वेगळी करून बघणं गरजेचं होतं.

पहिलं कारण ब्राउझरचं. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतरही क्रोम काही काळ चालत राहिला, पण १०९ ही विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती. त्यामुळे संकेतस्थळं ब्राउझर जुना असल्याची पट्टी दाखवायची आणि व्हॉट्सॲप वेब मधूनच अडायचं.

दुसरं कारण हार्डडिस्कचं. तपासणीत खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या साठवणखणांची, संख्या वाढत चाललेली दिसली. म्हणजे डिस्क मरणाच्या वाटेवर होती आणि चलनांच्या सगळ्या फाइली त्याच डिस्कवर.

तिसरं कारण कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपलेली होती. वीज गेली की घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालावर जायचं. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात, आणि मग ई-वे बिलाचं पोर्टल उघडतच नाही. एमआयडीसीत पावसाळ्यात वीज ये-जा करते, त्यामुळे हा प्रकार वारंवार व्हायचा आणि सगळे म्हणायचे, 'सर्व्हर डाऊन आहे.' बॅटरी बदलल्यावर निम्मी तक्रार तिथेच मिटली. जुन्या यंत्रावर सॉफ्टवेअर बदलायला बसण्याआधी ही बॅटरी बघा, असं मी आग्रहानं सांगेन.

तरी उरलेलं दुखणं खरं होतं. जुनी सिस्टिम पुढे चालवता येणार नव्हती.

समोर आलेले पर्याय

नवा संगणक हा सरळ मार्ग होता. शेठजींचं म्हणणं होतं की पॅकिंगमध्ये टॉवेलचा रोवा उडतो, पंखे जाम होतात, तिथे नवं यंत्र ठेवायचं नाही. पुढची दोन-तीन वर्षं हेच यंत्र चालवून दाखवा. टेरी टॉवेलच्या कारखान्यात ही तक्रार खरी आहे. कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाचा थर होता.

विंडोज १० टाकता आलं असतं. ६४ बिटसाठी मायक्रोसॉफ्टनं सांगितलेली किमान रॅम २ जीबी, म्हणजे कागदावर बसत होतं. पण त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालेलं होतं. जे जेमतेम वर्षभर चालणार आणि तेही रडतखडत, त्यावर वेळ घालवायचा नाही हे ठरवायला फार विचार लागला नाही.

उरला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, डेबियन १२ घ्यायचं ठरलं. ते जून २०२३ मध्ये आलं आणि त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे, म्हणजे शेठजींच्या 'दोन-तीन वर्षां'त ते आरामात बसतं. प्रोसेसर ६४ बिटचा असल्यामुळे तीही अडचण नव्हती. खरा प्रश्न त्यापुढचा होता: पडद्यावर काय ठेवायचं?

इथे थोडं सांगणं आवश्यक आहे. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम परंपरेनं एक्स सर्व्हर करतो. ही व्यवस्था १९८४ साली एमआयटीत सुरू झाली आणि तिची आजची अकरावी आवृत्ती १९८७ ची. खिडकी कुठे उघडायची, तिला शीर्षकपट्टी आणि बटणं कशी लावायची, कोणती पुढे आणायची आणि कोणती मागे ढकलायची, हे मात्र एक्स सर्व्हर ठरवत नाही. ते विंडो मॅनेजर ठरवतो. ग्नोम किंवा एक्सएफसीई ही संपूर्ण डेस्कटॉप वातावरणं. त्यांच्या पोटातही विंडो मॅनेजर असतोच, पण सोबत पॅनेल (टास्कबारसारखी पट्टी), फाइल मॅनेजर, नेटवर्कचं चिन्ह, पेनड्राइव्ह आपोआप जोडणं, सूचना दाखवणं असा बराच फौजफाटा येतो. नुसता विंडो मॅनेजर बसवला तर हा फौजफाटा वगळता येतो. मात्र त्यातलं जे लागेल ते एकेक करून स्वतः जोडावं लागतं.

ग्नोम लगेच बाजूला पडला. जी-४१ च्या अंगभूत ग्राफिक्सवर आणि २ जीबी रॅमवर त्याची अपेक्षाच करू नये. एक्सएफसीई गंभीर उमेदवार होता आणि त्याच्याकडे मी पुढे परत येईन, कारण या प्रकरणातला सगळ्यात वादाचा मुद्दा तोच आहे.

टाइलिंग प्रकारचे विंडो मॅनेजर, म्हणजे आय-थ्री किंवा डीडब्ल्यूएम, मला स्वतःला आवडतात. माझ्या लॅपटॉपवर अनेक वर्षं आय-थ्री आहे. यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, पडदा आपोआप वाटून घेतात, आणि सगळं कीबोर्डवरून चालतं. पण अक्कांचा पडदा १२८० पिक्सेल रुंद. दोन खिडक्या शेजारी बसल्या की प्रत्येकीला ६४० पिक्सेल. ई-वे बिलाचा फॉर्म त्या रुंदीत उघडला की आडवा सरकवत बसावं लागतं, आणि गाडी क्रमांकाचा रकाना नजरेआड राहतो. डीडब्ल्यूएममध्ये तर साधा बदल करायचा म्हटला तरी सी भाषेतली शीर्ष फाइल बदलून प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो. उद्या मी गावाला असलो आणि दुसरा कुणी तिथे आला, तर त्यानं काय करायचं? आपल्या हाताला जे सोयीचं ते दुसऱ्याच्या टेबलावर ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. या कामात ते फार जण विसरतात.

राहिले तरंगत्या खिडक्यांचे, माउसवर चालणारे विंडो मॅनेजर. त्यात जेडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम आणि ओपनबॉक्स अशी नावं पुढे येतात. जेडब्ल्यूएम पपी लिनक्समुळे माहीत असलेला, अतिशय छोटा. फ्लक्सबॉक्स २००१ साली ब्लॅकबॉक्समधून फुटून निघालेला. ओपनबॉक्सचीही सुरुवात ब्लॅकबॉक्समधूनच झाली, पण तिसऱ्या आवृत्तीपासून तो नव्यानं लिहिला गेला. आइसडब्ल्यूएम १९९७ चा. त्याला स्वतःची टास्कबार, स्टार्टसारखा मेनू आणि घड्याळ आहे. विंडोज ७ वरून येणाऱ्या माणसाला तो सगळ्यात ओळखीचा वाटतो. चाचणीत शेवटपर्यंत टिकले ते दोन: आइसडब्ल्यूएम आणि ओपनबॉक्स.

चाचणी, आणि निर्णयाचा पहिला टप्पा

आइसडब्ल्यूएम आधी बसवला. तो एकहाती आहे, वेगळं पॅनेल लागत नाही, आणि त्याच्या साध्या मजकुराच्या फाइली कुणालाही वाचता येतात. मेनू एका फाइलीत, कळा दुसऱ्या, खिडक्यांचे नियम तिसऱ्या. अक्कांना टास्कबार बघून हायसं वाटलं. एखाद्या दिवसात त्या चलन काढायलाही लागल्या.

मग अडचण निघाली, ती रॅमच्या कुठल्याच आकड्यात दिसली नसती. अक्कांची प्रत्येक पार्टीची चलनं वेगळ्या फाइलीत असतात आणि फाइलींची नावं मराठीत: 'अक्कलकोट', 'बार्शी', 'विजापूर', 'कऱ्हाड'. दिवसभर यातल्या चार-पाच फाइली एकाच वेळी उघड्या. लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रामच्या आत मराठी व्यवस्थित दिसत होतं, पण शीर्षकपट्टीत आणि टास्कबारवर अक्षरं फुटली. 'बार्शी'मधला रफार जागेवर बसेना, 'विजापूर'मधली पहिली वेलांटी व च्या उजवीकडे गेली, 'अक्कलकोट'मधले दोन क पाय मोडून वेगळे झाले.

देवनागरीत अक्षरं ओळीनं मांडून भागत नाही. जोडाक्षर बांधावं लागतं, ऱ्हस्व वेलांटी उच्चारानंतर येत असली तरी आधी काढावी लागते, रफार वर न्यावा लागतो. हे काम करणारा वेगळा थर लागतो. ओपनबॉक्स शीर्षकं काढण्यासाठी पँगो ही लायब्ररी वापरतो आणि ती हे सगळं करते. आइसडब्ल्यूएमची परंपरा एक्सएफटी या साध्या लायब्ररीनं थेट अक्षरं उमटवण्याची. डीडब्ल्यूएमचंही तसंच. इंग्रजीला त्यानं काही फरक पडत नाही. म्हणूनच हलक्या विंडो मॅनेजरांच्या तुलनेत हा मुद्दा सहसा येत नाही. मराठी वापरकर्त्यासाठी मात्र तो पहिल्या दोन-तीन मुद्द्यांत असायला हवा.

'फाइलींची नावं इंग्रजीत करून टाकू,' असं शेठजी सहज म्हणाले. अक्का लगेच म्हणाल्या, "मग पार्टी चुकली तर मला बोलायचं नाही." बार्शीच्या गाठींवर विजापूरचं लेबल लागलं तर माल परत येतो, भाडं दोनदा जातं. टास्कबारवरचं नाव ही त्यांची रोजची खात्री होती. मी अक्कांच्या बाजूनं होतो आणि आजही आहे. संगणक हलका करण्यासाठी माणसानं आपली लिपी सोडायची नसते.

म्हणून आइसडब्ल्यूएम चांगला असूनही मागे घेतला, आणि ओपनबॉक्सवर आलो.

किती हलकं म्हणजे हलकं

याच सुमारास मी मोजमाप केलं, ते इथे नोंदवतो. ओपनबॉक्स, पॅनेल आणि डेस्कटॉप एवढंच चालू असताना यंत्र साधारण अडीचशे-तीनशे एमबी वापरत होतं. आइसडब्ल्यूएममध्ये त्याहून थोडं कमी. त्याच यंत्रावर एक्सएफसीई चालवून बघितलं, तर त्यात दोन-अडीचशेची भर. आणि फायरफॉक्समध्ये एकटं व्हॉट्सॲप वेब उघडलं की हे सगळे फरक गिळून जातील एवढी रॅम त्या एका टॅबला लागायची. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', मग अपूर्णविराम (:) आणि 'प्रोसेसेस' असं इंग्रजीत टाकलं की कोणता टॅब किती खातो ते दिसतं. अक्कांना ते पान दाखवलं, तेव्हापासून काम झालं की त्या ट्रान्सपोर्टचा टॅब स्वतः बंद करतात.

मोजताना एक काळजी घ्यावी. 'फ्री' ही आज्ञा चालवली की 'युज्ड' आणि 'अव्हेलेबल' असे रकाने दिसतात. बघायचा तो 'अव्हेलेबल'. लिनक्स रिकामी रॅम डिस्कवरची माहिती साठवायला वापरतं आणि गरज पडली की सोडतं, त्यामुळे 'फ्री' या रकान्यातला आकडा लहान दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. तसंच प्रत्येक प्रक्रियेसमोर दिसणाऱ्या रॅमची बेरीज करू नये, कारण सामायिक लायब्ररी त्यात अनेकदा मोजली जाते.

या मोजमापातून माझं मत पक्कं झालं. ओपनबॉक्स आणि आइसडब्ल्यूएम यांच्यात रॅमच्या आधारावर निवड करण्यात अर्थ नाही. निवड करायची ती माणूस पडद्यावर काय वाचतो, हात कुठे जातो आणि बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार यावरून.

प्रत्यक्ष जुळवणी

सगळ्यात आधी डिस्क बदलली. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर आणि अकाउंटंटच्या संगणकावर अशा दोन ठिकाणी उतरवून ठेवल्या, मग नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, लावली. यंत्राचा वेग डोळ्यांना जाणवेल इतका वाढला तो इथे. कोणत्याही विंडो मॅनेजरनं तेवढा वाढवला नसता.

रॅम त्या वेळी २ जीबीच राहिली. बोर्डवर दुसरा स्लॉट रिकामा होता, पण शेठजींनी तो खर्च दिवाळीनंतर करायचं ठरवलं. तोवरचा तोडगा म्हणून झेडरॅम लावला. यात रॅमचाच एक भाग माहिती दाबून छोटी करून साठवण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे सिस्टिमला डिस्कवर कमी जावं लागतं.

ओपनबॉक्सला स्वतःचं पॅनेल नसतं. आधी टिंट-टू हे पॅनेल जोडलं. देखणं, हलकं, आणि तेही पँगो वापरत असल्यानं मराठी नावं नीट. पण कीबोर्ड सध्या इंग्रजीत आहे की मराठीत, हे दाखवणारं चिन्ह त्यात तयार मिळत नाही. अक्का विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकलेल्या. ही मांडणी १९८६ पासूनची प्रमाण, आणि लिनक्सच्या एक्सकेबी या कीबोर्ड व्यवस्थेतल्या मांडण्यांत ती आधीपासून असते, म्हणून आयबससारखा वेगळा कार्यक्रम चालवायची गरज पडली नाही. 'कऱ्हाड'मधला ऱ्ह सुद्धा त्याच मांडणीतून निघतो: शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की ऱ. मांडणी बदलायला आल्ट आणि शिफ्ट. पण बदललं की नाही हे दिसलं पाहिजे, नाहीतर गाडी क्रमांकाच्या रकान्यात मराठी अक्षरं उमटतात आणि पोर्टल ते नाकारतं. म्हणून टिंट-टू काढून एलएक्सपॅनेल लावलं. त्यात मांडणीचं चिन्ह तयार आहे. थोडी रॅम जास्त लागली, ती मान्य केली.

मग एकेक सुटं काम. नेटवर्कचं चिन्ह वेगळं लावावं लागलं. पेनड्राइव्ह आपोआप दिसावा म्हणून पीसीमॅनएफएम हा फाइल मॅनेजर, त्याच्यासोबत परवानगी विचारणारा छोटा कार्यक्रम. लेबलांचं डिझाइन बाहेरून पेनड्राइव्हवर येतं, त्यामुळे हे चुकवून चालणार नव्हतं. डेस्कटॉपवरची चित्रंही पीसीमॅनएफएमच दाखवतो: चलन, लेबल, ब्राउझर, व्हॉट्सॲप. प्रिंट स्क्रीनची कळ ओपनबॉक्सच्या मुख्य फाइलीत एका छोट्या प्रोग्रामला जोडली, कारण पोर्टलवर काही अडलं की अक्का पडद्याचा फोटो अकाउंटंटला पाठवतात. हीच ती यादी आहे जी संपूर्ण डेस्कटॉप वातावरणात आयती मिळते. नुसता विंडो मॅनेजर निवडणाऱ्यानं ती आधी कागदावर लिहून काढावी.

जुनी लेबलं वेगळ्या कारणानं पुन्हा टाइप करावी लागली. ती युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची प्रमाण अक्षरपद्धत, येण्याआधीच्या फॉन्टात होती आणि तो फॉन्ट नसला की मजकूर म्हणजे इंग्रजी चिन्हांचा ढीग दिसतो. हा त्रास लिनक्समुळे नव्हता, कधी तरी करायचंच काम होतं.

ओपनबॉक्सच्या मुख्य फाइलीत प्रत्येक प्रोग्रामसाठी नियम लिहिता येतात. कॅल्क (लिबरऑफिसमधला तक्त्यांचा प्रोग्राम) आणि फायरफॉक्स उघडले की पूर्ण पडदाभर, बाकी छोट्या खिडक्या मधोमध, एवढे दोनच नियम ठेवले. प्रोग्रामचं अंतर्गत नाव काय ते 'ओबीएक्सप्रॉप' चालवून खिडकीवर टिचकी मारली की कळतं. शीर्षकपट्टीचा फॉन्ट मोठा केला आणि बटणं मोठी असलेली थीम निवडली.

पहिल्या आठवड्यातला गोंधळ

फोन आला: "दादा, खिडक्या समद्या गायब झाल्या बगा. आत्ता हुत्या इथं." चलन अर्धवट भरलेलं, आणि ट्रक बुकिंगला निघायचा होता.

खिडक्या कुठेच गेल्या नव्हत्या. ओपनबॉक्स मुळात चार आभासी डेस्कटॉप देतो, आणि मोकळ्या जागेवर माउसचं चाक फिरवलं की एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर नेतो. ज्याला हे माहीत आहे त्याला ही सोय वाटते. अक्कांच्या दृष्टीनं मात्र सगळं काम नाहीसं झालं होतं. फोनवरूनच चाक उलटं फिरवायला सांगितलं, खिडक्या परत आल्या, ट्रक गेला. संध्याकाळी जाऊन डेस्कटॉपांची संख्या चारवरून एकावर आणली. मुख्य फाइलीतला एक आकडा बदलायचा आणि ओपनबॉक्सला फाइल पुन्हा वाचायला लावायची, उघड्या खिडक्या बंद कराव्या लागत नाहीत.

हे मला या प्रकरणातलं महत्त्वाचं वळण वाटतं. हलके विंडो मॅनेजर ज्यांनी बनवले ते कसलेले वापरकर्ते होते, आणि मूळ मांडणी त्यांच्या हाताला साजेशी असते. दुसऱ्यासाठी बसवताना ती मांडणी जशीच्या तशी देऊ नये. आधी चाकाला, उजव्या टिचकीला आणि कळांच्या जोड्यांना काय काय जोडलेलं आहे ते बघावं आणि निम्म्याहून जास्त काढून टाकावं. आम्ही पुढे उजव्या टिचकीचा मेनूही छाटला. आता त्यात पाचच गोष्टी आहेत, मराठीत, आणि शेवटची 'संगणक बंद करा'.

परिणाम

यंत्र चालू केल्यापासून कॅल्क उघडेपर्यंत पूर्वी कित्येक मिनिटं जात, आता एक मिनिटही लागत नाही. घड्याळ चुकत नाही, पोर्टल उघडतं. टास्कबारवर 'बार्शी' बार्शीच दिसतं. एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांना ओटीपी सक्तीचा झाला, तेव्हा या संगणकावर काही बदलावं लागलं नाही. ओटीपी शेठजींच्या मोबाइलवर येतो आणि ते केबिनमधून ओरडून सांगतात.

दिवाळीपर्यंतचे महिने मात्र सोपे नव्हते. व्हॉट्सॲप वेब, ई-वे बिल आणि पाच चलनं एकदम उघडी असली की २ जीबी पुरत नसे, झेडरॅम असूनही माउस अडखळायचा. दसऱ्यानंतर माल जोरात निघतो, त्या दिवसांत अक्कांनी व्हॉट्सॲपचं काम मोबाइलवरच केलं. रॅम ४ जीबी झाल्यावर ही तक्रार संपली.

दुसऱ्या एका गोष्टीची नोंद हवी. अकाउंटंटना हा संगणक अजूनही परका वाटतो. अक्का रजेवर असल्या की ते चलन आपल्या विंडोजवरच काढतात. फाइली दोन्हीकडे उघडतात म्हणून काम अडत नाही, पण 'कुणीही येऊन बसावं आणि चालवावं' इतकं हे सोपं झालेलं नाही.

पुन्हा असं काम आलं तर

क्रम बदलता येईल. रॅम आणि एसएसडी आधी एकत्र, विंडो मॅनेजर नंतर. ४ जीबीवर प्रश्नच वेगळा असता: तिथे एक्सएफसीईचे दोन-अडीचशे एमबी जड वाटले नसते, आणि नेटवर्क, पेनड्राइव्ह, कीबोर्डचं चिन्ह हे सगळं आयतं मिळालं असतं. माझ्या कामातला एक साथीदार आजही म्हणतो की तिथे एक्सएफसीईच हवं होतं. त्याचं म्हणणं असं, की सुट्या भागांची जुळवणी ज्यानं केली त्यालाच कळते. मुद्दा वजनदार आहे. म्हणून मी सगळ्या फाइलींची प्रत, आणि कोणत्या फाइलीत काय बदललं याचं मराठीत एक पान, छापून कॅबिनेटच्या आत चिकटवलं आहे. तरी तेव्हाच ४ जीबी हातात असते तरी अक्कांसाठी मी ओपनबॉक्सच ठेवला असता, कारण पाच गोष्टींचा मेनू आणि एकच डेस्कटॉप त्यांना पहिल्या महिन्यात आधार देऊन गेला. एखाद्या ऑफिसात चार माणसं आलटून-पालटून बसणार असतील तर मात्र मी एक्सएफसीई निवडेन.

मराठी शीर्षकांची चाचणी पहिल्याच तासात घ्यावी. वेलांटी, रफार, जोडाक्षर आणि ऱ्ह असलेली चार फाइलनावं करून बघितली की पुरे. वापरणाऱ्या माणसाच्या खऱ्या फाइली असल्या तर उत्तम.

ओपनबॉक्सच्या वयाबद्दल मला विचारलं जातं. त्याची ३.६.१ ही शेवटची आवृत्ती २०१५ ची, मग तो मेलेला नाही का? माझं उत्तर असं की जे काम त्यानं करायचं ते पूर्ण झालेलं आहे, आणि डेबियन त्याची पॅकेजं सांभाळतं. खरी मर्यादा वेगळी आहे: तो फक्त एक्सवर चालतो, आणि लिनक्सची वाटचाल एक्सची जागा घेणाऱ्या, २००८ साली सुरू झालेल्या वेलँडकडे आहे. त्या दिशेनं लॅबडब्ल्यूसी नावाचा विंडो मॅनेजर आहे. तो ओपनबॉक्सच्याच धाटणीच्या फाइली वाचतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या अधिकृत सिस्टिममध्ये मूळ म्हणून येतो. अक्कांच्या मेनूची फाइल उद्या तिकडे नेता येईल, थोडी दुरुस्ती करून. जी-४१ च्या ग्राफिक्सवर लॅबडब्ल्यूसी कसा चालतो हे मी त्यांच्या यंत्रावर अजून बघितलेलं नाही, आणि बघायची घाई नाही. जून २०२८ पर्यंत वेळ आहे, आणि त्याआधी वर्षातून दोनदा कॅबिनेट उघडून रोवा झाडायचं ठरलं आहे.